स्क्रीनवर दिसणारं तापमान एकाच व्हेसलचं असतं

त्या दिवशी मायक्रोवेव्ह डायजेस्टरवर, म्हणजे सॅम्पल अॅसिडमध्ये तापवून विरघळवणाऱ्या मशीनवर, बारा व्हेसल (झाकणबंद भांडी) लावलेले, दहात पानांची पावडर आणि दोनात तेलबियांची, सगळ्यात अर्धा ग्रॅम सॅम्पल, आठ मिली नायट्रिक अॅसिड, दोन मिली हायड्रोजन पेरॉक्साइड. लावले आमच्या ज्युनिअरने पण शीटवर सही माझी. मी फक्त आकडे बघितले, सगळीकडे ०.५ म्हणजे छान एकसारखं, केली सही. कशाचा अर्धा ग्रॅम हे बघितलंच नाही!

रॅम्प, म्हणजे तापमान हळूहळू चढवणं, सुरू झाला, दीडशे अंशांच्या आसपास गेला आणि आतून फस्स असा आवाज आला, प्रेशर कुकरची शिट्टी अर्ध्यात दाबल्यासारखा. मशीन ट्रिप. काचेतून बघतो तर आत तपकिरी धूर. ज्युनिअरचा हात दाराकडे गेला, मी ओरडलोच, "अरे हात काढ, एक्झॉस्ट चालू राहू दे आणि बाहेर ये." तो धूर म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड, थोडा नाकात गेला तर खोकला येऊन माणूस म्हणतो काही नाही झालं, आणि फुफ्फुसात पाणी व्हायचं ते कधीकधी कित्येक तासांनी होतं. म्हणून त्याला दोनदा विचारलं वास आला का, नाही म्हणाला, तरी रात्री परत फोन केलाच.

मग वाट बघणं. अर्ध्या तासाने तो म्हणतो, "सर, पासष्ट दाखवतंय, उघडू या का?" आता गंमत अशी की आमच्या मशिनचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी सळई, एकाच व्हेसलमध्ये असतो, आणि तो नेमका पानाच्या सॅम्पलमध्ये होता. म्हणजे ते पासष्ट पानाचं! तेलबियांच्या व्हेसलमध्ये किती हे कुणालाच माहीत नाही. रनमध्येही हेच झालं असणार, पान निवांत तापत होतं, मशीन त्याच्याकडे बघून पॉवर देत होतं, आणि शेजारी तेलाची नायट्रिकबरोबर जोरात रिअॅक्शन होऊन गॅसवर गॅस तयार होत होता. स्निग्ध सॅम्पलला इतका गॅस होतो की अर्धा ग्रॅम म्हणजे आमच्या व्हेसलसाठी फारच झालं. एका बॅचमध्ये एकाच जातीचे सॅम्पल लावायचे आणि प्रोब सगळ्यात जोरात रिअॅक्ट होणाऱ्या सॅम्पलमध्ये ठेवायचा, हे मीच ट्रेनिंगमध्ये सांगतो, काय बोलणार.

दीड तास थांबलो. मग फेसशिल्ड, एप्रन, आणि हातात जाड ग्लोव्ह्ज, कारण ते पातळ नायट्राइलवाले कॉन्सन्ट्रेटेड नायट्रिकपुढे फार टिकत नाहीत, लोकांना उगाच वाटतं निळं घातलं की झालं. व्हेसल हूडमध्ये, म्हणजे धूर ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात, नेले, गॅस सोडायच्या व्हेंटचं तोंड आपल्यापासून लांब, आणि स्क्रू अगदी सावकाश सैल केला. पानांच्या व्हेसलमधून हलकासा श्वास सोडल्यासारखा गॅस गेला. तेलबियांच्या एकाची सेफ्टी डिस्क फुटलेली, आतलं द्रावण निम्मं गायब. डिस्कने तिचं काम केलं, फुटायलाच बसवलेली असते ती.

दुसरा फुटला नव्हता, आणि मला जास्त भीती त्याचीच वाटली. लायनर (आतलं भांडं) बाहेर काढला तर जॅकेटच्या (त्याच्या बाहेरच्या कवचाच्या) आतल्या भिंतीवर टिकलीएवढा काळा डाग, नखाने खरवडला तर खरखरीत लागला, आणि टॉर्च लावून बघितलं तर लायनरच्या काठाला केसाएवढी पांढरट रेघ. विचारलं जॅकेट कधी धुतली, म्हणाला सकाळी. वाळवली का? गप्प. लायनर आणि जॅकेटच्या मध्ये पाण्याचा किंवा अॅसिडचा थेंब राहिला की मायक्रोवेव्ह त्यालाच तापवतात आणि तिथलं प्लास्टिक जळतं. आणि ती रेघ बहुतेक कधीतरी कुणीतरी तारेच्या ब्रशने घासल्याची, आमच्याकडे सिंकजवळ तो ब्रश कुणी ठेवला हे अजून कळलेलं नाही. लायनर आणि जॅकेट दोन्ही बाद केले. ब्रश पण.

दुसऱ्या दिवशी तेलबिया वेगळ्या बॅचमध्ये, ०.२ ग्रॅमने, आणि आधी हूडमध्ये झाकण न लावता नायट्रिक घालून ठेवल्या. पाच मिनिटांत फेस काठापर्यंत वर आला, तपकिरी धूर सुटला. ज्युनिअर हूडच्या काचेमागे उभा राहून बघत होता, म्हणाला, "काल हे सगळं झाकणाच्या आत चाललं होतं होय?"