पायरीपाशी चपला काढल्या की झटका

जुलैत चार दिवस आई ताईला सांगत होती की दाजींच्या कॅरॅव्हॅनच्या, म्हणजे चाकांवरच्या छोट्या घराच्या, दाराला हात लावला की हाताला झिणझिण्या येतात, आणि घरात कोणीच ते मनावर घेत नव्हतं कारण बाकी कोणालाच काही होत नव्हतं. दाजींनी हात लावून बघितला, ताईने बघितला, भाचा तर दिवसातून दहा वेळा आतबाहेर करतो, त्यालाही काही नाही. मग "आई, तुमचा हात ओला असेल" झालं, "एकदा शुगर तपासून घेऊ" इथपर्यंत गोष्ट गेली. मला फोनवर कळलं तेव्हा मी एकच विचारलं, आई आत जाताना चपला कुठे काढते? ताई म्हणाली खालीच, पायरीपाशी, घरात शिरताना काढतो तशी.

म्हणजे आई खरं सांगत होती.

आधी गाडीचं सांगते. दाजींनी सेकंडहँड कॅरॅव्हॅन ट्रेलर घेतलाय, १४ फुटी, स्वतःचं इंजिन नाही, एसयूव्हीच्या मागे हुकला लावून ओढायचा. २०२१ मध्ये राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आलं तेव्हापासून त्यांच्या डोक्यात होतं. आत दोन बंक, छोटा फ्रिज, १२ व्होल्टची बॅटरी आणि तिचा चार्जर, १० लिटरचा गीझर. ट्रेलर उलव्यात त्यांच्या बिल्डिंगमागच्या मोकळ्या प्लॉटवर उभा असतो आणि लाइट येते वॉचमनच्या केबिनमधून, २५ मीटरच्या एक्स्टेन्शनने. पावसात त्या प्लॉटवर पाणी साचतं, खाडीचा खारा वारा बारा महिने.

आता झटका आईलाच का, तर ट्रेलर उभा आहे रबरी टायरांवर. घरातल्या फ्रिजची बॉडी अर्थच्या वायरीने जमिनीशी बांधलेली असते, ट्रेलरची ती वायर कुठे तुटली की अख्खा पत्रा जमिनीपासून सुटा होतो आणि आतल्या उपकरणांची वीजगळती त्या पत्र्यावर चढून बसते. आत बसलेल्याला काही कळत नाही, कारण दार, ओटा, खुर्ची सगळं एकाच व्होल्टेजवर. कळतं फक्त त्या एका क्षणी जेव्हा एक पाय ओल्या मातीत आणि हात दाराच्या कडीवर. त्यातही रबरी चप्पल असेल तर नाही कळत. अनवाणी पाय जमिनीवर ठेवून कडी धरणारी घरात एकटी आई.

मी रबाळ्याला पॅनेल बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्टिंगला आहे, त्यामुळे हे ऐकून मला त्या रात्री नीट झोप लागली नाही. ताईला सांगितलं की प्लग काढून ठेव, रविवारी येते. पण शुक्रवारी दाजींनी जवळच्या एका वायरमनला बोलावलं, त्याने अर्ध्या तासात काम केलं आणि झिणझिण्या बंद. दाजींचा फोन आला, "अगं झालं काम, तू उगाच येऊ नकोस पावसात." मी म्हटलं दाजी, मी येतेच, तोवर प्लग लावू नका. त्याने काय केलं ते कोणालाच सांगता येत नव्हतं आणि मला तेच बघायचं होतं.

रविवारी नेरुळला गाडी बदलून बामणडोंगरीला उतरले, पिशवीत मल्टीमीटर, ऑफिसातून विचारून आणलेला मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र), आणि एक झिरोचा बल्ब होल्डरसकट. पायात जाड रबरी सोलचे बूट घालून प्लग लावला आणि ट्रेलरमधल्या सॉकेटवर मीटर धरला. फेज म्हणजे वीज आणणारी वायर, न्यूट्रल परत नेणारी. फेज-न्यूट्रल २३४ व्होल्ट. फेज-अर्थ २३४. न्यूट्रल-अर्थ ०.०. कागदावर एकदम छान. मग आतल्या सॉकेटला १००० वॅटची इस्त्री लावली आणि न्यूट्रल-अर्थ परत बघितलं, तरी ०.०.

हे शक्यच नाही! इस्त्री चार-साडेचार अँपिअर घेते, २५ मीटरच्या बारीक वायरीतून ते परत जाताना न्यूट्रल आपल्या टोकाला दोनेक व्होल्ट तरी वर उचलला जाणार. अर्थच्या वायरीतून काही वाहत नाही त्यामुळे ती तशीच राहणार, म्हणजे दोघांत दोनेक व्होल्टचा फरक दिसायलाच हवा. लोड लावूनही शून्यच दिसत असेल तर अर्थ आणि न्यूट्रल इथेच जवळपास कोणीतरी एकत्र जोडलेत. प्लग काढला, बोर्ड उघडला, सॉकेटच्या मागे अर्थच्या टर्मिनलवरून न्यूट्रलला एक इंचभर वायरीचा लूप.

हे आपल्याकडे फार चालतं आणि मला याचा मनापासून राग आहे. झिणझिण्या थांबतात हे खरं, कारण पत्रा न्यूट्रलला बांधला गेला आणि न्यूट्रल जमिनीच्या जवळपास असतो. पण केबिनमधल्या सॉकेटला प्लग टू-पिन ॲडॉप्टरने लावलेला होता. टू-पिन उलटी पण बसते. कोणी प्लग काढून उलटा लावला असता तर त्या इंचभर वायरीने २३० व्होल्ट सरळ दाराच्या कडीवर आणले असते. उलटा न लावताही, एक्स्टेन्शनमध्ये नुसता न्यूट्रल लूज झाला आणि आत एक पंखा चालू असला तरी तेच. आणि एमसीबी काही करत नाही, एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्याच्या हिशोबात कुठेच नसतो. दाजींना मी प्लग हातात धरून हे दाखवलं, ते काही बोलले नाहीत, आईकडे बघत राहिले.

न्यूट्रल आणि अर्थचा जोड असावाच लागतो, पण एकाच ठिकाणी, जिथून वीज येते तिथे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी. ट्रेलर छोट्या जनरेटरवर चालवला तर जनरेटरपाशी, कारण बऱ्याच पोर्टेबल जनरेटरचा न्यूट्रल सुटा असतो आणि मग गळतीला परतीचा रस्ताच राहत नाही, आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, पडतच नाही.

लूप काढला, परत मोजलं. फेज-अर्थ ११९, न्यूट्रल-अर्थ ११४. साधारण अर्धं-अर्धं दिसलं की समजायचं अर्थ कुठेच जोडलेली नाही, पत्रा अधांतरी आहे. हे अर्धं व्होल्टेज चार्जरमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळे येतं, एक फेजकडून एक न्यूट्रलकडून, मध्ये बॉडी. पण मीटर इतका कमी करंट घेतो की त्याला ही बारीक गळती आणि खरा फॉल्ट सारखाच दिसतो, टेस्टर पण दोन्हीला पेटतो. म्हणून झिरोचा बल्ब. पत्रा आणि न्यूट्रलच्या मध्ये तो १५ वॅटचा बल्ब लावला आणि ११४ चे शून्याजवळ आले. म्हणजे मागे दम नव्हता, मिलिअँपच्या अंशातली गळती. खरा फॉल्ट असता तर बल्ब पेटला असता. चार्जर काढल्यावर व्होल्टेज बरंच उतरलं. म्हणजे आईच्या झिणझिण्या चार्जरच्या होत्या.

मग अर्थ तुटली कुठे. प्लग पूर्ण काढून, प्लगच्या जाड पिनपासून चेसिसपर्यंत ओहम मोजायला घेतले. ती पिन लांब असते ती याचसाठी, लावताना सगळ्यात आधी लागते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते. एकाच्या खाली यायला हवे होते, मीटर कधी ८ दाखवत होता कधी ४०, वायर हलवली की बदलत होता. चेसिसवरचा बोल्ट, त्यावर थिंबल (वायरीच्या टोकाला बसवतात ती धातूची कडी), थिंबलच्या खाली रंग आणि रंगाच्या खाली गंज. हा झाला एक. दुसरा म्हणजे एक्स्टेन्शनची वायरच टू-कोअर, वरती थ्री-पिनचा डबा बसवून दिलेला, आत अर्थची वायरच नाही. तिसरा, केबिनमधल्या सॉकेटची अर्थची पिन मागून रिकामी. एकापुढे एक तिन्ही ठिकाणी तुटलेली आणि तरी फ्रिज थंड होत होता, लाइट लागत होती, चार्जर चार्ज करत होता. अर्थ नसल्याने एकही वस्तू बंद पडत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कोणी बघत नाही.

तो गंजलेला बोल्ट बघितल्यावर दाजींना मे महिना आठवला. दापोलीहून येताना ट्रेलरचा डावा इंडिकेटर दिला की मागचे सगळे दिवे त्याच्या तालात मिचमिचायचे, ब्रेक दाबला की टेललॅम्प मंद. कळंबोलीला ट्रकची कामं करणाऱ्या एका इलेक्ट्रिशियनने बघताक्षणी सांगितलं होतं, बॉडी अर्थ लूज, आणि तो बरोबर होता, पण घाईत फक्त बोल्ट आवळून दिला होता. १२ व्होल्टमध्ये चेसिस म्हणजे परतीची वायरच असते, बॅटरीची निगेटिव्ह त्याच बोल्टला. तिथे गंज आला की इंडिकेटरचा करंट दुसऱ्या दिव्यांमधून वाट काढतो, नाहीतर टोइंग हुकच्या गोळ्यातून, आणि त्या गोळ्यावर ग्रीस असतं, म्हणून खड्डा आला की दिवे लपलप. इथे ओहम मोजून भागत नाही, वायरीचा एक तार शिल्लक असला तरी मीटर चांगलं दाखवतो. सगळे दिवे चालू ठेवून बॅटरीच्या निगेटिव्हपासून दिव्याच्या अर्थपर्यंत डीसी व्होल्ट मोजायचे. ०.२ च्या आत हवेत, आमचे १.९ आले.

पुढचं काम सरळ होतं. रंग घासून चकचकीत लोखंड, नवीन टिनचं थिंबल, दातेरी वॉशर, आवळून वर पेट्रोलियम जेली, आणि १२ व्होल्टसाठी वेगळा बोल्ट. दोन्ही चेसिसलाच लागतात, पण एका बोल्टच्या गंजाने दोन्ही जाऊ नयेत. एक्स्टेन्शन नवीन, २.५ स्क्वेअर एमएमची थ्री-कोअर. केबिनची अर्थिंग सोसायटीच्या परवानगीने मेन बोर्डापासून ओढून घेतली, त्यासाठी लायसन्सवाला माणूस बोलावला, ते मी हातात घेतलं नाही.

दाजी म्हणत होते ट्रेलरपाशीच एक सळई ठोकू, झालं. हा समज खूप जणांचा आहे. सळईचा रेझिस्टन्स समजा २० ओहम आला, तर २३० भागिले २०, साडेअकरा अँपिअर. १६ चा एमसीबी त्यावर पडणारच नाही आणि पत्रा जिवंत राहील तासन्‌तास. म्हणून ट्रेलरच्या बोर्डात पहिल्यांदा ३० मिलिअँपचा आरसीसीबी बसवला. फेजमधून गेलं तेवढं न्यूट्रलमधून परत आलं नाही की तो तोडतो, त्याला ११ अँपिअर लागत नाहीत. आणि तो वायरमनचा लूप आज तिथे असता तर इस्त्री लावताक्षणी पडला असता, कारण काही करंट अर्थमधून परत गेला असता. लोक आरसीसीबी "उगाच पडतो" म्हणून बायपास करतात त्यातले बरेच हेच असतात.

शेवटी चार्जर आणि फ्रिज काढून ५०० व्होल्टवर मेगर केलं. वायरिंग उत्तम. गीझर ०.०५ मेगाओहम, निदान १ तरी हवा. एलिमेंटच्या आतली पावडर वर्षभर बंद राहून दमट होते. हिशोब केला तर साडेचार मिलिअँप, आरसीसीबीला कमी, पण ओल्या पायाने कडी धरलेल्या ६८ वर्षांच्या बाईला चार्जरच्या कितीतरी पट. जुलैत कोणी गीझर लावला नाही इतकंच.

गीझरची वायर सोडवून ठेवली आहे, नवीन एलिमेंट गणपतीनंतर बसवू. दाजींनी ट्रेलरला वीज लावायच्या इनलेटच्या झाकणाच्या आतून मार्करने लिहिलंय: लोड लावून न्यूट्रल-अर्थ मोजणे, शून्य आलं तर प्लग काढणे. परवा आई अनवाणीच चढली, कडी धरून दोन मिनिटं उभी राहिली आणि ताईला म्हणाली, बघ, आता काही नाही.