केअर ऑफ

गोव्यात दुपारी एक ते चार या वेळात फोन करणारा माणूस एक तर नवखा असतो, नाहीतर कुरियरवाला. बहुतेक वेळा दोन्ही. परवा पावणेतीनला फोन वाजला तेव्हा मी पंख्याखाली आडवी होते, तोंडावर पेपर.

"मॅडम, पार्सल है. लोकेशन भेजिए."

लोकेशन पाठवून काही होत नाही. नकाशातला तो लाल थेंब आमच्या घरावर पडतच नाही, मागच्या शेतातल्या विहिरीवर पडतो. आजवर चार पोरं स्कूटर घेऊन बांधावरून विहिरीपर्यंत गेली आहेत, आणि पावसाळ्यात त्यातलं एक चिखलात रुतलंही आहे. त्यामुळे मी तोंडीच सांगते. तिंट्यावरून सरळ ये, खुरसापाशी डावीकडे वळ.

पलीकडे शांतता. मग, "कुर्सी? कौनसी कुर्सी, मॅडम?" खुरस म्हणजे क्रूस, हे त्याला कुठलं माहीत!

शेवटी छत्री घेऊन मीच कपेलापर्यंत, म्हणजे आमच्या छोट्या चर्चपर्यंत, गेले. पोरगा सावलीला उभा होता, घामानं निथळलेला. दोन महिने झाले म्हणाला गोव्यात येऊन. त्याला पाणी हवं होतं, मला पार्सल. ते माझ्या हातात देण्याआधी त्यानं माझ्याकडून चार आकडी नंबर वदवून घेतला, माझा आणि खोक्याचा एकत्र फोटो काढला आणि गेला. चष्मा घरीच राहिला होता. पण चष्मा कशाला हवा? परदेशी शिक्के, तपकिरी चिकटपट्टीची तीन-तीन वेटोळी. म्हणजे जर्मनबाईचं.

तर जर्मनबाई. आमच्या शेजारच्या आउटहाउसात ही बाई बरीच वर्षं भाड्यानं राहते. ऑक्टोबरात येते, व्हिसाच्या हिशेबानं सहा महिन्यांच्या आत परत जाते. तिच्या घराला पंचायतीचा नंबर नाही. आमच्याला आहे, 214/3. आमच्या एका अंगाचं घर 61 आणि पलीकडचं 388/अ. हे आकडे कुणी, कुठल्या दिशेनं चालत टाकले, हे विचारायला मी एकदा पंचायतीत गेले होते. तिथल्या क्लार्कनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी परत कधी विचारलं नाही. तर पहिल्याच वर्षी बाईनं विचारलं, माझी पत्रं तुमच्या नावावर मागवू का? तेव्हापासून तिच्या नावाखाली माझं नाव येतं, मध्ये केअर ऑफ. आपल्याकडे पूर्वी 'द्वारा' लिहायचे. द्वारा म्हटलं की आपण नुसतं दार होतो. केअर ऑफमध्ये मात्र जबाबदारी आली. जर्मनबाईच्या पार्सलांना मुंग्या लागू न देणं ही माझी जबाबदारी.

ती पहिल्यांदा आली 1979च्या हिवाळ्यात, तेव्हा किनाऱ्यावर झापांच्या खोपटात राहायची. खोपटाला कसला पत्ता! मग पत्रं यायची पणजीच्या मुख्य पोस्टात, 'पोस्त रेस्तांत' म्हणून. हा शब्द मला तिनंच शिकवला. नुसतं नाव आणि गावाचं पोस्ट लिहायचं, पोस्टवाले पत्र ठेवून घेतात, आपण जाऊन ओळख दाखवून घ्यायचं. पत्रं आडनावाच्या अक्षराप्रमाणे खणात लावलेली असायची, पण आपल्या लोकांना गोऱ्यांचं नाव कुठलं आणि आडनाव कुठलं हे कळायचं नाही. त्यामुळे जुने मुरलेले हिप्पी दोन्ही खण चाळायचे. बाई सांगते, आठ दिवसांतून एकदा बसनं पणजीला जायचं, दोन्ही खण बघायचे, काही नसलं तर नदीकाठी बसून रडायचं आणि संध्याकाळच्या बसनं परत. पणजीचं ते पोस्ट म्हणजे एके काळी तंबाखूच्या व्यापाराचं घर होतं. तिथं बसून एक बावीस वर्षांची पोरगी आईच्या पत्रासाठी रडते आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मी बावीस वर्षांची असताना गोव्यातच तेच करत होते. फक्त नदीऐवजी न्हाणीघर होतं.

पण त्याआधी बाईच्या केकची गोष्ट. तिची बहीण दर वर्षी नाताळासाठी एक केक पाठवते, सुक्या मेव्यानं भरलेला, वरून पिठीसाखर. श्टोलन म्हणतात त्याला. एके वर्षी तो केक आला शिगम्याला! रस्त्यात ढोल-ताशे, रोमटामेळाची गर्दी, आणि त्यातून पोस्टमन खोकं डोक्यावर धरून येतोय. मुंबईच्या फॉरेन पोस्टात ते उघडून, बघून, परत चिकटवलेलं होतं. आत केकची एक कड कापलेली. तपासणीसाठी की चहासाठी, देव जाणे. बाईनं ती कड बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, निदान कुणाला तरी वेळेवर मिळाला.

पुढे 2019च्या डिसेंबरात सरकारनं नियमच बदलला. तोपर्यंत परदेशातून आलेली पाच हजार रुपयांपर्यंतची भेटवस्तू करमुक्त सुटायची. आता भेट वगैरे काही नाही, पूर्ण कर भरा आणि न्या. अपवाद दोनच, जीवरक्षक औषधं आणि राखी. मी बाईला सांगितलं, बहिणीला म्हणावं केकला दोरा बांध आणि राखी लिही. तिनं ते इतकं मनावर घेतलं की राखी म्हणजे काय, कुणी कुणाला बांधायची, हे समजावण्यात माझी एक अख्खी दुपार गेली. शेवटी तिनं ठरवलं की हे खोटं होईल. जर्मन माणसांचं हे एक अवघड असतं.

आता न्हाणीघर.

माझं लग्न 1986च्या मे महिन्यात झालं आणि मी कोल्हापूरहून इथं आले. कोल्हापूर ते म्हापसा हे अंतर काही फार नाही. गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी, की आलंच. पण आंबोलीत दरड कोसळली की तेवढंच अंतर जर्मनीइतकं होतं. सासरी सगळी माणसं चांगली होती. बोलायची कोंकणी, वाचायची मराठी पेपर, आणि जेवायची नारळ. सकाळ-संध्याकाळ नारळ. मला तिखट लागायचं. तिखट म्हणजे मिरची नव्हे, कांदा-लसणाची चटणी, जी कोल्हापुरात भाजीत, आमटीत, भाकरीवर, भातावर आणि वेळ पडली तर नुसत्या बोटावर असते.

ती चटणी पार्सलनं यायची. आई पत्र्याच्या डब्यात दाबून भरायची, झाकणाभोवती कणीक लावायची, आणि पुढचं काम अण्णांचं. मांजरपाटाचं कापड डब्याच्या मापानं बेतायचं, दाभणानं बारीक टाके घालायचे. हेडमास्तर माणूस, पण टाके शिंप्याला लाजवतील असे. मग शिवणीवर लाखेचे थेंब. जळत्या लाखेचा तो वास आमच्या ओसरीवर दोन दिवस राहायचा. शेवटी कॉपिंग पेन्सिल जिभेला लावून पत्ता. अण्णांची जीभ जांभळी दिसली की समजावं, कुणाला तरी काहीतरी निघालंय. लग्नाआधी ते 'कुणाला तरी' म्हणजे आत्या असायची. मी आत्या होईन, असं मला कधी वाटलं नव्हतं.

पत्त्याच्या शेवटी ते लिहायचे 'गोवा, दमण आणि दीव'. तेव्हा केंद्रशासित प्रदेशाचं नावच तसं होतं. 30 मे 1987 रोजी गोवा राज्य झालं, दमण आणि दीव वेगळे पडले, पण अण्णांनी काही ते सोडले नाहीत. मी पत्रातून सांगितलं तर उलट टपाली उत्तर आलं: "पत्ता जास्त झाल्यानं बिघडत नाही, कमी पडल्यानं बिघडतं."

त्यावर पिनकोड. पिनकोडवर अण्णांची भक्ती होती, कारण तो काढणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपालखात्यातले मोठे अधिकारी तर होतेच, वर संस्कृत कवी आणि नाटककार. अण्णा संस्कृत शिकवायचे. 15 ऑगस्ट 1972 रोजी पिनकोड सुरू झाला, तेव्हा त्यांनी म्हणे वर्गात पाठांतरालाच लावला होता. त्यातही गंमत अशी, की 400 मुंबई, 401 ठाणे, 402 रायगड, आणि मग हा आकडा रत्नागिरी-सिंधुदुर्गावरून टुणकन उडी मारून 403ला थेट गोव्यात उतरतो. 1967च्या जनमत कौलात गोव्यानं महाराष्ट्रात यायला नकार दिला, पण टपालखात्यानं आजही गोवा महाराष्ट्र सर्कलमध्येच ठेवला आहे. हे मी सासऱ्यांसमोर एकदाच म्हटलं. ते कौलाच्या वेळी दोन पानांच्या, म्हणजे गोवा वेगळा ठेवायच्या बाजूनं रस्त्यावर उतरले होते. पुन्हा म्हटलं नाही.

आमचा त्या वेळचा पोस्टमन पत्ता वाचायचाच नाही. वास घ्यायचा. फाटकाशी सायकल टेकवून ओरडायचा, "वयनी, कुळार आयलें!" कुळार म्हणजे माहेर. सासूबाई आतून विचारायच्या, "कितें आयलां गो?" आणि मी डबा पदराखाली घेऊन न्हाणीघरात. आधी रडायचं, मग उघडायचं. एकदा मी हुमणात, म्हणजे माशांच्या आमटीत, गुपचूप अर्धा चमचा चटणी टाकली. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी खालच्या आवाजात म्हणाल्या, ती तांबडी पूड आहे का गं अजून?

आणि एका जुलैत पार्सल आलंच नाही. तीन आठवडे झाले, चार झाले. पाचव्या आठवड्यात आलं ते दमणचा शिक्का घेऊन. वाटेत कुठंतरी भिजलं होतं. कॉपिंग पेन्सिल पाण्यानं पसरते. गाव गेलं, तालुका गेला, वेलणकरांचे सहाही आकडे गेले. जांभळ्या ढगातून एकच शब्द ठळक वाचता येत होता: दमण. तिथं कुणीतरी भला माणूस असणार, ज्यानं उजेडात धरून उरलेला पत्ता लावला आणि पुढं पाठवलं. त्याचं नाव मला माहीत नाही. चटणीला काही झालं नव्हतं. कोल्हापूरची चटणी आहे ती.

ते कापड मी ठेवलं आहे. मला तशी खोड आहे, पार्सलाचा दोरा कधी कापायचा नाही, गाठ सोडवायची. नखं मोडली तरी. सुतळीचा एक गुंडाच झाला आहे माझ्या मशीनच्या खणात. मुलगी हसते. तिची खोकी रोज येतात, ती बत्त्यासारखा हात आपटून ती उघडते आणि त्यातली निम्मी परत पाठवते. परत पाठवायचं पार्सल ही कल्पनाच मला झेपत नाही. आमच्या सासऱ्यांकडे एक लिफाफा होता, 1962च्या जानेवारीतला, पोर्तुगीज तिकिटाचा. 29 डिसेंबर 1961पासून इथं भारतीय तिकिटं सुरू झाली, पण जुनी 5 जानेवारीपर्यंत चालली. एक आठवडा दोन्ही चालायची. सासरे त्या लिफाफ्याला हात लावू द्यायचे नाहीत. आत काय लिहिलंय विचारलं तर म्हणायचे, काही नाही, भाताचा हिशेब.

तर परवाचं खोकं. जर्मनबाई सध्या तिकडेच आहे, गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, यंदा ऑक्टोबरात येईल की नाही सांगता येत नाही म्हणते. तिच्या घराची किल्ली माझ्याकडे. मग ती नसताना तिचं पार्सल कसं आलं, हा प्रश्न मला चष्मा लावेपर्यंत पडला नाही. वामकुक्षी मोडली की माझं डोकं असंच चालतं.

चष्मा लावला. वर माझं नाव होतं. तिच्या त्या उभ्या, काटेरी अक्षरांत, माझ्या नावातला 'ळ' रोमन लिपीत कसा बसवावा या विवंचनेत दोनदा खोडलेलं. आणि खाली केअर ऑफ म्हणून तिचं स्वतःचं नाव. सवयीनं लिहिलं असणार. घर नंबर 214/3, कपेलाजवळ, पिन बरोबर. म्हणजे मी माझ्याच घरात, तिच्या मार्फत.

अण्णा जाऊन एकोणीस वर्षं झाली, आई त्यांच्यानंतर दोन वर्षांनी गेली. भाऊ फोनवर पैसे पाठवतो, ओवाळणीचेसुद्धा. चटणी आता म्हापशाच्या दुकानात पाकिटात मिळते.

खोकं हलवून पाहिलं. जड आणि घट्ट, विटेसारखं. तिची ती काळी आंबट भाकरी असणार, राईची, जी मी एकदा तोंडदेखलं छान आहे म्हटलं होतं. सोडवायला एकही गाठ नव्हती, नुसती चिकटपट्टी. सुरी आणायला उठले तेवढ्यात फाटकाशी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला. चार पाव घेतले, गरम होते. खोकं अजून टेबलावरच आहे.