स्टार्टर फिरत असताना विनोद करणे

मी सव्वीस वर्षं कंपन्यांच्या कार्यक्रमात लोकांना हसवतोय. भोसरी, चाकण, रांजणगाव, नंतर हिंजवडी. सुरुवातीला खंडेनवमीला मशीनींची पूजा झाली की शेडमध्येच कार्यक्रम असायचा, कामगार पेढा खात खाली बसलेले, निळू फुल्यांचा नुसता आवाज काढला तरी शिट्ट्या. आता हॉटेलचा बँक्वेट हॉल, गोल टेबलं आणि पंचलाईनच्या नेमक्या क्षणी वेटर पनीर टिक्का घेऊन मधे येतो, त्याच्याशी स्पर्धा कोण करणार!

एक गोष्ट लवकर कळली. विनोद झाला की लोक आधी पहिल्या रांगेतल्या साहेबांकडे बघतात आणि मग हसतात, त्यामुळे स्टेजवर गेलो की मी आधी साहेबच शोधतो. एकदा मिशीवाले जाड गृहस्थ बघून वीस मिनिटं त्यांच्यावरच खेळलो, हॉल गप्प, शेवटी कळलं ते साउंडवाल्याचे सासरे, जेवायला आले होते.

आणि पैसे? दहा टक्के टीडीएस कापून, दोन महिन्यांनी, तेही चार फोन केल्यावर. अकाउंटवाला म्हणतो, ‘सर तुम्ही जोक छान करता.’ अरे बाबा, चेकचं बोल.