७० चिन्हांत लसीची आठवण

आज दिवस गेला लसीकरणाचे एसएमएस तपासण्यात. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० चिन्हंच मावतात, रोमनमध्ये १६०. त्यात काना, मात्रा, वेलांटी, मोकळी जागा हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं! ७१वं चिन्ह आलं की संदेशाचे ६७-६७चे तुकडे पडतात. खर्च दुप्पट, आणि रेंज कच्ची असलेल्या पाड्यावर एखादा तुकडा पोचतच नाही. म्हणून तारीख, वार, ठिकाण आधी. नमस्कार वगैरे गाळा. बाळाच्या ६, १०, १४ आठवड्यांच्या डोसची आठवण आदल्या संध्याकाळी पाठवा, तेव्हा फोन घरी असतो. फोन बहुधा एकच, तोही पुरुषाच्या खिशात. त्यामुळे टीबी, एचआयव्ही असं आजाराचं नाव संदेशात कधीही नको. वाचणारं कोणी नसेल तिथे आवाजी कॉलच लावा, मेळघाटात तर तिथल्या कोरकू भाषेतूनच.