परत आलेला माल

त्या जुलैच्या सकाळी शिरोलीहून निपाणीमार्गे आलेला टेम्पो बेळगावच्या उद्यमबागेतील आमच्या फाउंड्रीच्या, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्याच्या, दारात थांबला, तेव्हा पाऊस जोरात होता आणि ताडपत्रीखाली आमचाच माल होता. पाठवलेल्या 240 पंप केसिंगपैकी (पंपाच्या बाहेरच्या कवचांपैकी) 187 परत आली होती. मी एक उचलून उजेडात धरले. बोअरच्या, म्हणजे मधल्या गोल पोकळीच्या, आतल्या अंगाला, मशिनिंगमध्ये दोन-तीन मिलिमीटर धातू निघाल्यावर उघडी पडलेली ज्वारीच्या दाण्याएवढी भोके होती आणि त्यांच्या कडा गुळगुळीत, चकचकीत होत्या. अशी चकाकी दिसली की वायूनेच घात केला हे समजावे, कारण आकुंचनाने पडलेली पोकळी आतून खडबडीत असते.

वायू कोठून आला, हे शोधायला मला फार वेळ लागला नाही. सोडियम सिलिकेट मिसळलेल्या वाळूत कार्बन डायऑक्साइड सोडला की कोअर, म्हणजे ओतीव वस्तूत पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवायचा वाळूचा ठोकळा, मिनिटभरात दगडासारखा कडक होतो, परंतु तो साठवून ठेवला तर हवेतील ओल शोषून घेतो. आणि बेळगावच्या पावसाळ्यात ओल काही कमी नसते. सुमारे 1400 अंशांचे लोखंड अशा कोअरला भिडले की पाण्याची वाफ होते, ती मूळ पाण्याच्या दीड हजार पटींहून अधिक जागा मागते आणि कोअरमधल्या व्हेंटमधून, म्हणजे वायू जाण्याच्या छिद्रांतून, तिला पुरेशी वाट मिळाली नाही तर ती धातूत शिरते. वरून सारे साफ असते. शॉट ब्लास्टिंग, म्हणजे पोलादी छर्‍यांच्या माऱ्याने सफाई, झालेले आमचे केसिंग पाहून कोणीही ते पास केले असते, मीही केले होते.

खरी गोष्ट आदल्या आठवड्यातली आहे. ऑर्डर घाईची होती म्हणून मी कोअर तीन दिवस आधीच करून शेडमध्ये रचून ठेवायला सांगितले होते. ओतकामाच्या वेळी आमचे सर्वांत जुने मोल्डर, म्हणजे साचे करणारे कारागीर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी एका कोअरवर नख ओढले, खाली सांडलेली वाळू तळहातावर घेऊन मला दाखवली आणि म्हणाले, "मालक, कोअर मऊ पडल्यात. आज ओतायचं नको." भट्टीत रस तयार होता. टनभर लोखंड वितळवायला साधारण 600 युनिट वीज जाते. तो रस पिगमध्ये, म्हणजे साध्या लादीच्या साच्यात, रिकामा करायचा म्हणजे ती वीज पाण्यात, आणि नुसता धरून ठेवायचा तर कार्बन उतरत जातो. मी म्हणालो, "मामा, ओता." त्यांनी पुन्हा शब्द काढला नाही. वर्षभरापूर्वी त्यांनी असेच एकदा काम थांबवले होते, तेव्हा मी चार माणसांदेखत त्यांना बोललो होतो.

ग्राहकाने मालाची किंमत तर कापलीच, शिवाय मशिनिंगचा खर्च आणि दोन्ही बाजूंचे भाडे डेबिट नोटमध्ये लावले. त्यातले एकही कलम मला खोडता आले नाही. आमच्या भागातील मालकमंडळी दर आणि वीजबिल यांवर तासन्‌तास बोलतात, परंतु रिजेक्शनचा आकडा सख्ख्या भावालाही सांगत नाहीत, आणि त्यामुळे दर पावसाळ्यात कोठल्या ना कोठल्या शेडमध्ये हीच चूक पुन्हा होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोअर आता ज्या दिवशी लागतो त्याच दिवशी होतो आणि पावसाळ्यात ओव्हनमधून गेल्याशिवाय साच्यात बसत नाही. मोल्डरने हात वर केला तर ओतकाम थांबते, हेही मी सर्वांसमोर सांगितले आहे. मामा निवृत्त झाल्यावरच्या पावसाळ्यात एका तरुण मोल्डरने, कोअर ओव्हनमधून आलेले असतानाही, पहिल्यांदा हात वर केला. भट्टी तयार होती, मीटर फिरत होता, आणि मी त्याला नकार द्यायला तोंड उघडले होते. मग कोअर पुन्हा ओव्हनमध्ये गेले, रस पिगमध्ये ओतला गेला आणि दिवस तोट्यात गेला. भाजून निघालेले ते कोअर मी एकेक करून नखाने पाहिले. सगळे टणक होते, आणि मुळात ते ओले होते की नव्हते, हे ठरवायला काही उरले नव्हते.