डॅनिओची अंडी: मॉप गेला, गोट्या आल्या

झेब्रा डॅनिओ या छोट्या पट्टेरी माशाच्या ब्रीडिंग टँकमधून ॲक्रिलिक लोकरीचा मॉप, म्हणजे मासे अंडी घालतात तो धाग्यांचा झुबका, काढून टाकला. मागच्या खेपेची अंडी मायक्रोस्कोपखाली ४० पटीत बघताना काहींना हिरवे धागे लगडलेले दिसले, आणि मॉप हिरवाच होता. तापवलेली सुई जवळ नेली की धागा आकसून त्याची गुठळी होते. सुती धाग्याचं तसं होत नाही. प्लास्टिकच ते.

आता तळाला काचेच्या गोट्या आणि वर जावा मॉस ही पाणवनस्पती. अंडी गोट्यांच्या फटीत पडतात, आईबापांना खाता येत नाहीत. मॉसमधून ती वेचणं मात्र वैताग आहे.

धागेवाल्या अंड्यांतूनही पिल्लं बाहेर आली बरं का, २८ अंशाला तिसऱ्या दिवशी, बाकीच्यांसारखीच. अंड्याच्या कवचाची छिद्रं जेमतेम अर्ध्या मायक्रॉनची. लोकरीचा धागा त्याहून कितीतरी जाड, आत शिरणार कसा? बाहेर दाट थर बसला तर प्राणवायू अडतो, आणि प्रयोगशाळेत अशी अंडी उशिरा फुटलेली आहेत. खरी भीती नॅनोकणांची, ते या छिद्रांहूनही बारीक. २०१८च्या एका प्रयोगात ५१ नॅनोमीटरचे पॉलिस्टायरीनचे कण याच माशाच्या भ्रूणात बलकाच्या पिशवीत साठले, पुढे यकृत, हृदय, मेंदूपर्यंत गेले. हृदयाचे ठोके मंदावले, पिल्लांचं पोहणं कमी झालं. असले कण माझ्या मायक्रोस्कोपला जन्मात दिसायचे नाहीत.

बाल्टिक समुद्रातल्या पर्च माशाची पिल्लं अन्न सोडून प्लास्टिकच आवडीने खातात, हा दाखला मात्र कृपा करून देऊ नका. २०१६ साली 'सायन्स'मध्ये आलेला तो शोधनिबंध पुढच्याच वर्षी मागे घेतला गेला.

मला धाकधूक आहे ती पाचव्या दिवसाची. बलक संपत येतो, पिल्लू तोंडाने खायला लागतं, आणि इन्फ्युझोरियाएवढा (पिल्लांना खायला देतात ते पाण्यातले सूक्ष्मजीव) कुठलाही तुकडा त्याच्या तोंडात मावतो. म्हणून पिल्लांच्या टँकमध्ये पॉलिस्टरचं फिल्टर वूल नाही. रोज थोडं पाणी बदलायचं, बस्स. इन्फ्युझोरियाही आता काचेच्या बरणीत लावलाय.

पुढच्या खेपेची अंडी दोन काचेच्या वाट्यांत वाटणार. एकीत जुन्या मॉपचे कातरलेले धागे, दुसरीत नुसतं पाणी. दोन्ही एकाच हीटरवर, कारण तापमान वाढलं की ठोकेही वाढतात. भ्रूणाच्या अंगातून आरपार दिसतं, त्यामुळे मोबाईलवर स्लो मोशनमध्ये ठोके मोजता येतील. धागे ते मंदावतील असं मला वाटत नाही, पण आकडे येऊ देत.