बाईंनी आणलेला बटाटा

साल 1981, नववी ‘ब’चा वर्ग. मराठीचा तास नुकताच संपला होता आणि फळ्यावर दुर्गा भागवतांचं नाव तसंच होतं. पुढच्या तासाला विज्ञानाच्या बाई आल्या, त्या हातात एक बटाटा आणि औषधाच्या दुकानातून आणलेली हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली घेऊन. मी फळा पुसायला उठले, तर म्हणाल्या, “राहू दे गं. यांच्या धाकट्या बहिणीचं नाव कुणाला माहीत आहे?”

कुणालाच नव्हतं.

बटाट्याच्या कापावर थेंब पडले, फसफसून फेस आला. त्या फेसाकडे बघत बघत आम्ही कमला भागवतांची, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनींची गोष्ट ऐकली. जन्म 1911चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघंही रसायनशास्त्रज्ञ, दोघंही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, शिकलेले. तिथेच आपणही जायचं हे मुलीनं मनाशी धरलं असेल तर नवल काय! 1933 साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला ती पहिली आली आणि तिनं बंगळूरला अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. त्यांनी नकार दिला. कारण एकच, अर्ज मुलीचा होता.

कमलाबाई परत फिरल्या नाहीत. त्यांनी सत्याग्रह केला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर: पहिलं वर्ष फक्त चाचणीपुरतं, काम पसंत पडलं तरच पुढे, मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करायचं, आणि मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. ही शेवटची अट सांगताना बाईंचा आवाज बदलला होता. मला तो अजून ऐकू येतो. “तुम्ही काय केलं असतं?” त्यांनी विचारलं. मी म्हणाले, “घरी परत गेले असते.” बाई रागावल्या नाहीत. “आज म्हणतेस,” एवढंच बोलल्या.

श्रीनिवासय्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दुधातल्या आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं. ते वर्ष निभावलं आणि त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. पुढे केंब्रिज, न्यूनहॅम कॉलेज. तिथे बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी सापडलं. प्राण्यांप्रमाणे वनस्पतींच्या पेशींनाही श्वसनासाठी लागणारं हे प्रथिन. प्रबंध जेमतेम 40 पानांचा होता आणि 1939 साली पीएच.डी. मिळाली.

आम्ही नववीत होतो तेव्हा कमलाबाई मुंबईतच होत्या. त्यांना पत्र लिहावं असं आम्हा तिघी मैत्रिणींना फार वाटायचं. लिहिलं नाही, ते राहूनच गेलं. 1998 साली त्या गेल्याची बातमी वाचली तेव्हा ते न लिहिलेलं पत्र फार टोचलं.

मी एम.एस्सी.ला जीवरसायनशास्त्र घेतलं. निकाल लागला त्या संध्याकाळी पेढे घेऊन बाईंच्या घरी गेले. त्या निवृत्त झाल्या होत्या, दृष्टी अधू झाली होती. पेढ्यांचा पुडा तसाच बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, “प्रकल्प कशावर होता?”

“मोड आलेल्या मटकीतल्या प्रथिनांवर.”

बाईंनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.